गोळी ठेवल्यावर

बेळगावातल्या कुठल्याही प्रसूती विभागाबाहेरच्या बाकड्यावर तासभर बसलं की एक वाक्य कानावर पडतंच : ‘गोळी ठेवल्यात.’ कसली गोळी, कशासाठी, कुणी ठरवलं, यातलं काही त्यात नसतं. फोनवर चंदगडला, निपाणीला, पुण्यात नोकरीवर असलेल्या नवऱ्याला एवढंच कळवलं जातं आणि पलीकडून पुढचा प्रश्न तयारच असतो, ‘मग कधी होतंय?’ त्याचं उत्तर इकडे कुणाकडे नसतं. तासाभरानं पुन्हा फोन.

कळा आपसूक सुरू व्हायची वाट न पाहता औषधानं किंवा दुसऱ्या उपायानं त्या सुरू करणं याला डॉक्टर इंडक्शन म्हणतात, आणि ‘इंड्यूस केलंय’ असं आता आपल्याकडच्या सासवाही सहज म्हणतात. तरीही घरच्या माणसांनी वाचावं असं या विषयावर मराठीत फार थोडं सापडतं. गर्भसंस्कारांवर कपाटभर पुस्तकं मिळतात, बाळाच्या नावांच्या पुस्तकांबद्दल तर बोलायलाच नको. पण सूनबाईला सकाळी सहाला पहिली गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाही ती तशीच पलंगावर आहे, तर त्याचा अर्थ काय, हे सांगणारी चार पानं नाहीत. ही पुस्तिका ती जागा भरण्यासाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. इंडक्शनबद्दल आपल्याकडे दोन समज घट्ट बसले आहेत. एक, डॉक्टर पैशासाठी किंवा स्वतःच्या सोयीसाठी कळा आणतात. दुसरा, गोळी पोटात गेली की दुपारपर्यंत बाई मोकळी झालीच पाहिजे. पहिल्या समजात कधीमधी तथ्य असतं. दुसऱ्यात अजिबात नाही, आणि नुकसान जास्त त्याच्यानंच होतं. चांगल्या कारणासाठी, योग्य औषधानं सुरू केलेलं काम घरच्यांचा धीर सुटल्यामुळे निम्म्यावर थांबतं आणि बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते. डॉक्टरांच्या घाईबद्दल पुष्कळ बोललं जातं. आपल्या घाईबद्दल कुणी बोलत नाही.

आता हे घडतं त्या भागाविषयी. बेळगावजवळच्या हिंडलग्याचं नाव बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे माहीत असतं : मध्यवर्ती कारागृह आणि १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक. गावातल्या बाळंतिणींच्या हिशेबात मात्र वेंगुर्ला रोड महत्त्वाचा. या रस्त्यानं पूर्वेला बेळगावचं सिव्हिल आणि केएलईचं मोठं इस्पितळ. पश्चिमेला सुळगा, उचगावचा फाटा, बाची, आणि बाची संपून शिनोळी लागलं की महाराष्ट्र. सोयरीक दोन्हीकडे. चंदगडची मुलगी हिंडलग्यात दिलेली असते, हिंडलग्याची चंदगड नाहीतर गडहिंग्लजला. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे सातव्या महिन्यात ओटी भरून पोर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते आणि तिच्या पिशवीत दोन कार्डं जमतात : कर्नाटकाचं कन्नडमधलं तायी कार्ड आणि महाराष्ट्राचं मराठीतलं माता-बाल संरक्षण कार्ड. दोन कार्डांवर बाळंतपणाच्या दोन तारखा असल्या तर इंडक्शनचा निम्मा घोळ तिथेच सुरू झाला म्हणून समजा.

कारण सगळा हिशेब तारखेवर आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस ही रीत एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले या जर्मन डॉक्टरच्या नावानं चालते. त्याचं सोपं रूप म्हणजे नऊ महिने आणि सात दिवस. आपल्या आज्यांचे नऊ महिने नऊ दिवस त्याच्यापासून दोनच दिवस लांब. पण मोजायला सुरुवात कुठून करायची? आशाताई विचारते तेव्हा पाळीची तारीख फार थोड्या जणींना सांगता येते. ‘नागपंचमी झाल्यावर’, ‘गणपती पोचवले त्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘दसऱ्याच्या आत’ असली उत्तरं येतात. मग भिंतीवरचं कालनिर्णय काढायचं, पानं मागं उलटायची आणि तारीख ठरवायची. मी हे हसण्यासाठी सांगत नाही. सणावरून काढलेली तारीख पुष्कळदा बरोबर निघते. अडचण होते ती आठवणच नसते तेव्हा, आणि पहिली सोनोग्राफी सातव्या-आठव्या महिन्यात होते तेव्हा.

सोनोग्राफी बाळाची मापं घेते आणि त्यावरून वयाचा अंदाज बांधते. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच मापानं वाढतात, म्हणून त्या वेळी काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या आत बरोबर असते. शेवटच्या तीन महिन्यांत तोच अंदाज तीन आठवडे मागंपुढं होऊ शकतो. आता आपल्या भागातली एक गोष्ट यात मिसळा. निपाणी म्हणजे तंबाखू, आणि निपाणी-बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातल्या कितीतरी बायका सकाळी दातांना मिसरी लावतात. गरोदरपणातही लावतात, मळमळ थांबते म्हणून उलट जास्तच. मुंबईत १२१७ गरोदर बायकांवर झालेल्या आणि २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेल्या अभ्यासात मिसरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली. म्हणजे पोटात बाळ लहान राहतं, सोनोग्राफी उशिरा होते, मशीन लहान बाळाला कोवळं ठरवतं आणि तारीख पुढं ढकलते. ज्या बाळाला लवकर बाहेर काढायला हवं त्याच्याच आईला ‘अजून वेळ आहे’ असं सांगून घरी पाठवलं जातं. उलटही होतं. चुकीच्या तारखेवर भरवसा ठेवून ‘दिवस वर गेले’ म्हणून कळा आणल्या आणि हातात आलं ते दिवस न भरलेलं पोर. म्हणून पुस्तिकेतलं तारखेचं प्रकरण औषधांच्या आधी ठेवलं आहे, आणि ते बरोबरच आहे.

कळा आणायच्या कशासाठी? आईचा रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर त्या दुखण्यावर बाळंतपण हाच खरा इलाज असतो. झटके येईपर्यंत थांबण्यात काहीच शहाणपण नाही. साखर, वाढ खुंटलेलं बाळ, पाणमोट फुटून कळांचा पत्ता नसणं, पोटातच बाळ गेलेलं असणं, ही कारणंही तशीच. आणि वर गेलेले दिवस. जागतिक आरोग्य संघटना ४१ आठवडे पुरे झाल्यावर कळा सुरू कराव्यात असं सांगते, कारण त्यानंतर वार थकते आणि बाळ दगावण्याचा धोका हळूहळू वाढतो. स्वीडनमध्ये ४१ आठवड्यांना कळा आणणं आणि ४२ पर्यंत थांबणं यांची तुलना चालू होती; थांबलेल्या गटात सहा बाळं गेली आणि दुसऱ्यात एकही नाही, तेव्हा तो अभ्यास अर्ध्यावर बंद करावा लागला. हे २०१९ चं.

कारण नसलेली कारणंही आहेत. उद्या अमावस्या आहे, आजच काय ते करा. अमुक नक्षत्रावर नको. रविवारी मुलाला सुट्टी आहे. डॉक्टरांना परगावी लग्नाला जायचंय. यातली पहिली तीन आपण स्वतः डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो, तेवढं मान्य करू या.

इथे सुशिक्षित वाचक अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचं नाव घेतील. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६१०६ पहिलटकरणी होत्या. ३९ व्या आठवड्यात विनाकारण कळा आणलेल्यांत सीझरचं प्रमाण १८.६ टक्के निघालं आणि वाट पाहिलेल्यांत २२.२. मग सगळ्यांनाच ३९ व्या आठवड्यात का दाखल करू नये? तर तिथे तारखा पक्क्या होत्या, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवायला माणूस होतं आणि लागतील तितके तास पलंग मोकळा होता. एका पलंगावर दोघी झोपवाव्या लागतात अशा वॉर्डात ते आकडे उचलून आणणं मला पटत नाही. कारण असेल तर एक दिवस उशीर करू नये. कारण नसेल तर ४१ आठवड्यांपर्यंत बाळाला आणि आईला सुखानं राहू द्यावं.

आता खुद्द कामाकडे. गर्भपिशवीचं तोंड एरवी नाकाच्या शेंड्यासारखं कडक आणि बंद असतं. कळांनी ते उघडायचं तर आधी ते मऊ, आखूड व्हावं लागतं. आढीत घातलेला आंबा आणि पावडर मारलेला आंबा यांत जो फरक, तोच तोंड पिकू देऊन कळा आणणं आणि कच्च्या तोंडावर जोराच्या कळा लादणं यांत. एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरनं १९६४ साली पाच गोष्टींवर गुण देण्याची पद्धत सुचवली : तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, किती मऊ आहे, कुठल्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय. १३ पैकी सहा किंवा कमी गुण म्हणजे तोंड अजून कच्चं. ‘दोन बोटं उघडलंय’ असं सिस्टर बाहेर येऊन सांगते ते या पाचांपैकी एकच. आपण तेवढंच ऐकतो आणि चार बोटं कधी होणार म्हणून घड्याळ बघत बसतो.

तोंड पिकवण्याचे उपाय फार नाहीत. एक साधी रबरी नळी, लघवीसाठी घालतात तीच, तोंडातून आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा पाण्यानं फुगवतात; फुग्याच्या दाबानं तोंड उघडू लागतं. फ्रीजमध्ये ठेवावं लागणारं जेल हा दुसरा उपाय, महाग. तिसरा म्हणजे गोळी, मिझोप्रोस्टॉल. मूळची ही गोळी पोटातल्या अल्सरवरची, सर्ल या अमेरिकन कंपनीनं काढलेली, आणि गरोदर बायकांनी ती घेऊ नये असा इशारा तिच्या वेष्टनावर होता. ज्या गुणामुळे तो इशारा होता त्याच गुणामुळे ती प्रसूतिशास्त्रात आली. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कळा सुरू करण्यासाठी २५ मायक्रोग्रॅमची गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली.

या गोळीचा मोठा आणि नीट अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे, हे फार जणांना माहीत नाही. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्त्री रुग्णालय या दोन सरकारी इस्पितळांत डिसेंबर २०१३ ते जून २०१५ या काळात रक्तदाब वाढलेल्या ६०२ गरोदर बायकांना दोन गटांत विभागलं. एका गटाला दर दोन तासांनी २५ मायक्रोग्रॅमची गोळी तोंडानं, दुसऱ्याला फुग्याची नळी. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला : २४ तासांच्या आत नैसर्गिक वाटेनं बाळंत झालेल्या गोळीच्या गटात ५७ टक्के, नळीच्या गटात ४७ टक्के. गोळी स्वस्त, फ्रीज नको, आत हात घालावा लागत नाही. त्या इस्पितळांतल्या गर्दीत हे सगळं पार पडलं, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

पण तोच आकडा उलटा करून वाचा. डॉक्टर जागेवर, औषध चांगलं, नोंदी चोख, तरीही गोळी घेतलेल्या शंभरातल्या ४३ जणी चोवीस तासांत तशा मोकळ्या झाल्या नव्हत्या. बाकड्यावरच्या ‘मग कधी होतंय?’ला एवढंच प्रामाणिक उत्तर देता येतं.

बेळगावचा या गोळीशी संबंध याहून जुना आहे. २००२ ते २००५ या वर्षांत इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकारानं जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १६२० बायकांचा अभ्यास झाला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या या बायकांना बाळ जन्मल्याबरोबर परिचारिकांनी गोळ्या दिल्या, निम्म्यांना मिझोप्रोस्टॉल, निम्म्यांना औषध नसलेल्या. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. रक्त किती गेलं हे डोळ्यांनी अजमावण्यापेक्षा मोजता यावं म्हणून बाळंतिणीच्या खाली पसरायचा खुणा केलेला प्लास्टिकचा पडदा वापरला होता. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत बेळगावचं नाव गेलं ते यामुळे. मात्र तेव्हा दिलेली मात्रा होती ६०० मायक्रोग्रॅम, बाळ बाहेर आल्यानंतर. कळा सुरू करण्यासाठी २५. चोवीसपट अंतर. बाजारात २०० मायक्रोग्रॅमची गोळी सहज मिळत होती आणि २५ ची मिळत नव्हती तेव्हा ब्लेडनं एका गोळीचे आठ तुकडे करायचे. त्यात कुठला तुकडा मोठा, कुठला नुसता भुगा. आता २५ ची गोळी मिळते. नसेल तर २०० ची गोळी २०० मिलिलीटर पाण्यात विरघळवून २५ मिलिलीटर मोजून पाजता येते, म्हणजे मात्रा बरोबर तेवढीच पडते. गोळी सुचवणाऱ्या ओळखीच्या मेडिकलवाल्याला यातलं काही ठाऊक नसतं. घरी आणून देण्याची ही गोळी नव्हेच.

तोंड पिकल्यावर सलाईनमधून थेंबाथेंबानं देतात ते ऑक्सिटोसिन. त्याची ओळख आपल्या गावांना माणसांच्या दवाखान्याआधी गोठ्यात झाली. रेडकू मेलेली म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून सुई टोचायची, हे बेळगावला दूध घालणाऱ्या कुठल्याही गावात विचारा. हा गैरवापर थांबवायला केंद्र सरकारनं २०१८ साली खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली आणि बेंगळूरच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स या एकाच सरकारी कंपनीवर देशभराचा भार टाकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. बाळंतिणींसाठी जीव वाचवणारं औषध म्हशींपायी दुर्मीळ करू नये, एवढी साधी बाब समजायला न्यायालयात जावं लागलं.

हेच औषध स्नायूत एकदम टोचलं तर परत काढून घेता येत नाही. गर्भपिशवी एकामागून एक आवळत राहते, दोन कळांच्या मधे बाळाला श्वासापुरतंही रक्त मिळत नाही, कधी पिशवीच फाटते. सलाईनमधून दिलं तर जोर जास्त झाल्यावर नळी बंद करता येते, आणि काही मिनिटांत जोर उतरतो. म्हणून सलाईनच्या नळीला लावलेली ती छोटी चक्री नातेवाइकांनी फिरवायची नसते. ‘जरा वाढवा की ओ, लौकर होईल’ म्हणणारे असतात म्हणून लिहिलं.

घाईचा इतिहास जुना आहे. १८०८ साली न्यू यॉर्कच्या डॉ. स्टर्न्स यांनी राय या धान्यावरच्या बुरशीची, अर्गटची, पूड कळा वाढवायला देण्याची शिफारस केली. बाळंतपण झटपट उरकू लागलं, डॉक्टर खूश. दीड दशकात मेलेल्या बाळांची संख्या पाहून तिथल्याच डॉ. होसॅक यांनी त्या पुडीला मरणाची पूड असं नाव दिलं. आपल्याकडे चरकसंहितेच्या शारीरस्थानात असाच एक वाद नोंदवला आहे. कळा असून बाळ होत नसेल तर बाईला उठवून मुसळानं धान्य कांडायला लावावं, असं एक मत. संहितेतले गुरू आत्रेय ते फेटाळतात : गरोदरपणभर जिला दांडगे श्रम वर्ज्य, तिला ऐन प्रसूतीत ते कसे करायला लावता? चालणं आणि जांभया देणं तेवढं त्यांना चालतं. आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात एम.डी.साठी लिहिलेला प्रबंधही आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. त्यानंतर १९०६ साली लंडनमध्ये हेन्री डेल यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानं मांजरीची गर्भपिशवी आवळते हे पाहिलं, १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि दोन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. बाकीची वंशावळ पुस्तिकेत आहे, इथे उगाळत नाही.

घरगुती उपायांचं काय? चालणं चांगलं. एरंडेल पाजलं की कळा येवोत न येवोत, जुलाब नक्की होतात आणि बाई इस्पितळात पोचते ती गळून. डॉक्टर आतून तपासताना पिशवीच्या तोंडाशी बोट फिरवून पाणमोटीचं आवरण सैल करतात, त्यानं पुष्कळ जणींना दोन-तीन दिवसांत कळा येतात आणि गोळीची गरज पडत नाही. उपाय चांगला आहे, दुखतो, आणि बहुतेक वेळा न सांगता केला जातो. न सांगता करू नये.

आता बाकड्यावरच्या माणसांविषयी. गोळी सुरू होऊन अठरा-वीस तास झालेले असतात. सून आत, सासू बाहेर, हातात गरम पाण्याचा थर्मास आणि गुंडाळलेली चटई. रात्री दीड-दोनला सिस्टर दारात येते. सासू उठते.

‘अजून किती वेळ लागतंय ओ सिस्टर?’

‘ठोके चांगले आहेत, आक्का. तोंड आता कुठं मऊ पडायलंय.’

‘पोरीचे हाल बघवंनात. सीझर करून टाका की एकदाचं. पैशाचं आम्ही बघतो.’

सासूच्या मायेबद्दल शंका नको. पण तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं, मग मुलाचा फोन आला, मग गावच्या पुढाऱ्याचा, की पहाटे चारला डॉक्टर थकून सही घेतात. कागदावर येतं ‘इंडक्शन फसलं’. आई आणि बाळ ठीक असतील तर पाणमोट फोडून ऑक्सिटोसिन किमान १२ ते १८ तास दिल्याशिवाय तो शेरा मारू नये, असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली सांगून ठेवलं आहे. कर्नाटकात सीझरचं प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत २३.६ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ३१.५. महाराष्ट्रात २०.१ वरून २५.४. यातली किती सीझरं खरोखर लागली आणि किती बाकड्यावर ठरली, याचा रकाना पाहणीत नसतो. लागलेलं सीझर हे वरदानच आहे. बाळाचे ठोके उतरले की क्षणभरही घोळ घालू नये. मी बोलते आहे ते रात्री दीडला बाकड्यावर ठरलेल्या सीझरबद्दल.

बाईच्या बाजूनंही एक सांगायला हवं. औषधानं आणलेल्या कळा पुष्कळ जणींना जास्त झोंबतात, कारण त्या हळूहळू चढत येत नाहीत. आमच्या भागातल्या बहुतेक वॉर्डांत वेदनाशामक सुई पाठीत द्यायला भूलतज्ज्ञ त्या वेळी हजर नसतो. मग निदान जवळ एक ओळखीचं माणूस असू द्यावं. केंद्र सरकारनं २०१६ पासून सरकारी प्रसूतिगृहात बाईसोबत एका स्त्री नातलगाला परवानगी दिली आहे. ‘आत कुणाला सोडत नाही’ असं दारावर सांगितलं तर हा नियम सांगा, भांडू नका.

आणि आधीचं सीझर. पुस्तिकेतलं हे एकच प्रकरण वाचलं तरी चालेल. ज्या बाईचं पूर्वी सीझर झालं आहे तिला शेवटच्या महिन्यांत मिझोप्रोस्टॉल देऊ नये, जुनी टाक्यांची जागा फाटू शकते. डॉक्टरांना हे पाठ असतं. त्यांना माहीत नसतं ते तुमचं पहिलं बाळंतपण. ते गडहिंग्लजला झालेलं, कागद माहेरच्या ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर, आणि दुसऱ्या वेळी पोर बेळगावला दाखल. पोटावरच्या खुणेवरून पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा, हे कळत नाही. ते त्या कागदावरच असतं.

राहता राहिली सही. सरकारी इस्पितळातला संमतीचा कागद कन्नडमध्ये, खासगीतला बहुधा इंग्रजीत. हिंडलग्याची सासू मराठी बोलते, मराठी वाचते, आणि ‘इथे सही करा’ म्हटल्यावर करते. समजावून सांगण्याचं काम होतं ते पोछा मारणाऱ्या आयाबाईकडून, तिला दोन्ही भाषा येतात म्हणून. या गावानं भाषेसाठी माणसं गमावली आहेत. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण ज्या बाईच्या अंगावर औषध चालणार तिला ते कशासाठी, कुठलं आणि नाही लागू पडलं तर पुढं काय, हे तिला कळेल त्या भाषेत सांगणं हा वैद्यकीय उपचाराचाच भाग आहे. बेळगाव आणि निपाणीच्या प्रत्येक प्रसूतिगृहात संमतीचा कागद कन्नडसोबत मराठीतही असावा, अशी माझी तिथल्या डॉक्टरांना विनंती आहे. त्याला सरकारी हुकूम लागत नाही, झेरॉक्सचं दुकान पुरतं.

तोवर वाचकांनी एक करावं. पुस्तिकेचं शेवटचं पान फाडण्यासाठीच छापलं आहे. त्यावर पाळीची तारीख, पहिल्या सोनोग्राफीची तारीख, आधीचं सीझर आणि डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न यांच्यासाठी जागा सोडली आहे. सातवा लागला की ते पान भरा, दोन्ही कार्डं आणि जुने कागद त्याच्यासोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी माहेरी जाताना पोरीच्या हातात द्या.